हवेतल्या यंत्राचा तोल कोण सांभाळतो?



गेल्या खरिपात मानवत तालुक्यातील एका गावी सोयाबीनवर ड्रोनने फवारणीचे प्रात्यक्षिक होते. ड्रोन चालवणार होत्या तिथल्याच बचत गटातल्या एक ताई. प्रशिक्षण घेऊन, परवाना मिळवून त्या नुकत्याच परतल्या होत्या. सारा गाव बांधावर जमला होता. टाकीत दहा लिटर साधे पाणी भरले, सहा पंखे फिरले, ड्रोन पुरुषभर वर गेला आणि एका जागी थांबायचे सोडून गोल गोल फिरू लागला. खळ्यावर मेढीभोवती बैल फिरतो तसा. फेरा मोठा मोठा होत चालला तशी माणसे मागे सरली. ताईंनी हातातल्या यंत्राचे एक बटण सरकवले, ड्रोन आपल्या हाती घेतला आणि शांतपणे खाली उतरवला. मग जागा बदलली, काही तपासणी केली, पुन्हा उडवला. या वेळी तो हवेत खुंटी ठोकल्यासारखा उभा राहिला. वारा आला की जरा कलायचा, परत सरळ व्हायचा.

गर्दीत सत्तरी ओलांडलेले एक बाबा होते. त्यांनी विचारले, "साहेब, हे पडत कसं न्हाई?"

शेजारचा पोरगा म्हणाला, "आबा, त्यात कॉम्प्युटर हाय."

"आरं, कॉम्प्युटर म्हंजी काय खांब हाय का, त्याला धरून ठेवायला?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर मला धड देता आले नाही. आम्ही शेतकीचे पदवीधर. कीड, खत, बियाणे यांवर कितीही बोलू, पण ड्रोन का पडत नाही हे कोणी आम्हाला शिकवले नव्हते. घरी आलो, पुस्तके काढली, जाणत्यांना विचारले. बाबांचा प्रश्न साधा नव्हता. पहिल्या वेळी ड्रोन का भरकटला आणि दुसऱ्या वेळी का नाही, याचे उत्तरही त्यातच होते. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी घरातल्या पोरांना एक खेळ करायला लावा. एक लांब काठी तळहातावर उभी धरायला सांगा. थोड्या सरावाने जमते. आता त्यांना म्हणा, काठीच्या शेंड्याकडे नको, तळहाताकडे बघ. काठी डगमगेल. मग म्हणा, डोळे मीट. काठी लगेच पडेल. आणि काठीऐवजी पेन्सिल दिली तर डोळे उघडे असूनही पडेल, कारण पेन्सिल फार लवकर कलते आणि हात पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

काठी ज्याने धरली त्याचा हात क्षणभरही स्थिर नसतो. शेंडा उजवीकडे कलला की हात उजवीकडे जातो, डावीकडे कलला की डावीकडे. डोळा खबर आणतो, डोके हिशेब करते, हात हलतो, आणि हात हलल्यामुळे काय झाले ही खबर पुन्हा डोळा आणतो. या चक्राला शास्त्रात 'प्रत्याभरण' म्हणतात. आपण 'उलट खबर' म्हणू. ड्रोनला हवेत कोणी धरलेले नसते. तो सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो.

ही युक्ती तुमच्या घरात फार पूर्वीपासून आहे. ज्यांनी डिझेल इंजिनवर पाणी दिले त्यांना आठवत असेल, विहिरीचे पाणी तळाला गेले, फूटव्हॉल्व्हने हवा ओढली की पंपावरचा भार एकदम जातो. भार गेल्यावर इंजिन सुसाट सुटायला हवे. पण ते जरासे चढते आणि पुन्हा आपल्या चालीवर येते. हे काम गव्हर्नरचे. त्यात दोन वजने इंजिनबरोबर गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि डिझेल वाढते. ना वीज, ना कॉम्प्युटर, पण डोळा, डोके आणि हात तिन्ही त्या एका डबीत आहेत.

इंग्लंडात जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला अशी फिरती वजने लावली. ही कल्पना त्याने पिठाच्या पवनचक्क्यांवरून उचलली होती. वारा वाढला की जाते जोरात फिरे आणि दोन पाळ्यांमधले अंतर बिघडे, म्हणून तिथे अशी वजने आधीच लावलेली असत. म्हणजे आज अग्निबाणापर्यंत पोहोचलेल्या या विद्येचा एक धागा पिठाच्या गिरणीतून येतो.

गव्हर्नर नसला तर काय होते ते मी लहानपणी पाहिले आहे. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. ऐन गव्हाच्या पाण्यात आमच्या इंजिनच्या गव्हर्नरची स्प्रिंग तुटली. मेस्त्री तालुक्याला, गहू ओंबीवर आलेला. वडिलांनी डिझेलचा दांडा हाताने पुढे ओढून हवा तेवढा वेग आणला आणि तिथेच तारेने बांधून टाकला. दोन दिवस इंजिन सुरेख चालले. तिसऱ्या दिवशी पंपाचा पट्टा निसटला. भार शून्य, आणि डिझेल मात्र तेवढेच. आवाज वाढत वाढत असा झाला की मी कानावर हात ठेवले. वडील तार सोडवायला धावले. हात पोहोचण्याआधीच आतला दांडा तुटून बिडाच्या कवचातून बाहेर आला आणि एक तुकडा त्यांच्या नडगीवर बसला. त्या पायाने ते शेवटपर्यंत लंगडत चालले. तार बांधली तेव्हा त्यांचा हिशेब चुकला नव्हता. चालू भाराला तेवढेच डिझेल बरोबर होते. पण भार बदलला ही खबर घेणारे कोणी उरले नव्हते.

आता उलट बाजू बघा. गव्हर्नर आहे, पण सांधे झिजलेले, स्प्रिंग भलतीच. मग इंजिन एका चालीत चालत नाही. चढते, उतरते, पुन्हा चढते. मेस्त्री म्हणतो, 'हंटिंग करतंय'. वेग वाढल्याची खबर उशिरा पोहोचते, तोवर वेग फार वाढलेला असतो. मग डिझेल फारच कमी होते, वेग फार पडतो, आणि पुन्हा तेच. म्हणजे सावरणारेच पाडू लागते. असे का होते याचे गणित मॅक्सवेल नावाच्या थोर शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले. दुरुस्ती असणे पुरेसे नाही, ती किती आणि केव्हा यावर सारे अवलंबून असते, हे तेव्हा कागदावर आले.

उशीर म्हणजे काय हे पाथरी, मानवत, परभणीकडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे! जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणला दार उघडले की पाणी शेपटाकडे पोहोचायला दिवस जातात. शेपटाकडून 'पाणी नाही' अशी ओरड झाली, वरून दार जास्त उघडले, आणि ते पाणी वाटेत असतानाच इकडे पाऊस झाला, तर जे पाणी मागितले तेच नको असताना दारात उभे. हे कोणा एकाचे पाप नाही. खबर आणि हात यांत दोनशे किलोमीटर पडले की असेच होणार. माजलगावच्या उजव्या कालव्यावर ठिकठिकाणची पातळी मोजून कॉम्प्युटरच्या हिशेबाने दारे हलवण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला होता तो याच दुखण्यावर.

मग दुरुस्ती किती करावी? इथे मला तिफण आठवते.

नवा गडी तिफणीवर दिला की तो काय करतो? तास बोटभर वाकडा गेला की कासरा ओढतो, बैल दुसरीकडे जातात, पुन्हा ओढतो. दुपारपर्यंत बैल फेसाळतात आणि तास सापासारखा जातो. जुना हाक्या रुमण्यावर हात ठेवून समोरच्या बांधावरच्या झाडाकडे बघत चालतो. बोटभर फरक सोडून देतो. फरक वाढतोय असे दिसले की हलकेच कासरा लावतो. त्याच्या मनात दोन खाती असतात. एका खात्यात तास किती वाकडा झाला, दुसऱ्यात बैल किती दमले. दोन्हींची बेरीज कमीत कमी व्हावी असे तो हाकतो. तिफणीला सरळपणाचे वजन जास्त, कारण पुढे त्याच तासातून कोळपे जायचे आहे. बैलगाडी रस्त्याने न्यायची तर सरळपणाचे वजन कमी आणि बैलाचे जास्त.

शास्त्रज्ञांनी नेमके हेच गणितात घातले. चुकीला एक वजन, दुरुस्तीच्या खर्चाला एक वजन, आणि काळाच्या ओघात दोन्हींची बेरीज सर्वांत कमी कशी राहील ते शोधायचे. चूक मोजतानाही एक गंमत आहे. चूक दुप्पट झाली की तिचा दंड दुप्पट नव्हे, चौपट धरतात. बोटभर वाकड्या तासाने काही बिघडत नाही, वीतभर वाकडा गेला तर कोळप्याखाली झाडे जातात, तसेच हे. याला 'इष्टतम नियंत्रण' म्हणतात. साध्या भाषेत, सर्वांत परवडणारी दुरुस्ती. हंगेरीत जन्मलेले रुडॉल्फ कालमान अमेरिकेत स्थायिक झाले होते. त्यांनी १९६० साली ही रीत पक्क्या पायावर उभी केली.

याच कालमान यांनी त्याच वर्षी दुसरा एक प्रश्न सोडवला. डोळाच खोटे सांगत असेल तर? आमच्या खात्यातले उदाहरण देतो. पिकाचा अंदाज नजरेने काढतात आणि पीक कापणी प्रयोगानेही काढतात. नजर सारे शिवार बघते पण फसते. कापणी नेमके वजन देते पण एवढ्याशा तुकड्याचे. शहाणा माणूस दोन्ही आकडे घेतो आणि ज्याच्यावर जितका भरवसा त्याला तितके वजन देऊन मधला आकडा काढतो. कालमान यांच्या रीतीत हा भरवसा क्षणोक्षणी नव्याने ठरतो. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला त्या अपोलो यानांचा मार्ग ओळखायला हीच रीत वापरली होती.

अग्निबाण म्हणजे आपली तळहातावरची काठीच. खालून ज्वाळेचा रेटा, वर उंच देह, आणि जरा कलला की आणखी कलणार. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण 'एसएलव्ही-३' सुटला. उंची २२ मीटर, वजन १७ टन. पहिला टप्पा ठीक गेला. दुसऱ्या टप्प्यात तो तोल जाऊन भरकटला आणि सुमारे सव्वापाच मिनिटांनी बंगालच्या उपसागरात पडला. दुसऱ्या टप्प्याचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतले नायट्रिक आम्ल एका झडपेतून गळून गेले होते, असे चौकशीत निघाले. हिशेब बरोबर होता, पण तो पाळणाऱ्या हातातच बळ उरले नव्हते. झाकणाचे वायसर घट्ट बसले नाही म्हणून अख्खा दिवस वाया गेल्याचा अनुभव तुम्हा सर्वांना आहे, इथे देशाचा अग्निबाण गेला. ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, तोच अग्निबाण ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन नीट वर गेला. आमच्या शाळेत गुरुजींनी ती बातमी फळ्यावर लिहिली होती.

त्या काळात तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्राचे संचालक होते पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर. शेतकऱ्यांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहेत. १९८८ पासून मोसमी पावसाचा अंदाज सोळा घटकांवरून वर्तवला जाऊ लागला, त्या पद्धतीमागे तेच होते. पुढे खतांवरचा एक जाडजूड कोशही त्यांनी सहकाऱ्यांसह इंग्रजीत केला. अग्निबाण, पाऊस आणि खत, एकाच माणसाच्या हातून!

आता आपल्या सोयाबीनवरच्या ड्रोनकडे येऊ.

त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढ्या काही चकत्या असतात. एक सांगते, यंत्र किती वेगाने कलतेय. तिला जायरो म्हणतात. ती चपळ असते, पण वेळ जाईल तशी हळूहळू चुकत जाते. दुसरी सांगते, खाली कुठे आहे. ती सहसा चुकत नाही, पण पंख्यांच्या थरथरीने गोंधळते. तिसरी हवेच्या दाबावरून उंची सांगते. चौथे होकायंत्र, तोंड कुठे आहे ते सांगणारे. आणि उपग्रहांकडून जागा कळते. या पाच साक्षीदारांच्या साक्षी जुळवून खरे काय ते ठरवायचे, मग सहा पंख्यांपैकी कोणाला जोर द्यायचा आणि कोणाचा काढायचा ते ठरवायचे. हे सेकंदाला शेकडो वेळा चालते. अनेक ड्रोनमध्ये हिशेब फार गुंतागुंतीचा नसतो, तीन कलमी असतो. आत्ता किती कलला, केव्हापासून कललेला आहे, आणि किती झपाट्याने कलतोय. अनुभवी गाडीवानही हेच तीन प्रश्न मनात विचारतो.

फवारणीच्या ड्रोनला आणखी एक अडचण असते. उडताना टाकी भरलेली, उतरताना रिकामी. म्हणजे दर क्षणी भार बदलतो. शिवाय अर्ध्या टाकीतले पाणी हिंदकळते. डोक्यावर अर्धी घागर घेऊन चालणाऱ्या माउलीला विचारा, भरल्या घागरीपेक्षा ती जास्त त्रास देते. म्हणून चांगल्या टाकीत आत आडव्या पट्ट्या असतात.

एवढे सारे सांगण्याचे कारण, चूक झाली तर काय होईल ते ध्यानात यावे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम करतो. म्हणजे थेंबात औषध कितीतरी पटींनी कडक. ते सोयाबीनवर पडले तर ठीक. दहा पावले बाजूला गेले आणि तिथे कोणाची तुतीची बाग असेल तर तो पाला खाऊन रेशमाच्या अळ्या मरणार. आपल्या जिल्ह्यात कित्येक घरांची चूल त्या अळ्यांवर पेटते.

मी ड्रोनविरुद्ध बोलत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. कपाशी डोक्याएवढी, वारा नाही, अंगभर औषध. फवारणाऱ्या माणसाला त्या धुक्यातून बाहेर काढणारे यंत्र मला हवेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना जाहीर केली, किमतीच्या ८० टक्के आणि कमाल ८ लाख रुपये मदतीची. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांच्या शेतीवर मोठा प्रकल्प राबवला गेला. पण यंत्र दारात आले म्हणजे त्याचा डोळा साफ आणि हात मजबूत आहे असे होत नाही. ते बघणे आपल्याकडेच राहते.

तर मग पहिल्या वेळी तो ड्रोन भरकटला का? ताईंनी मला नंतर दाखवले. ड्रोन उडवला ती जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागून होती. पलीकडे बोअरचे उपसलेले लोखंडी पाइप रचलेले. होकायंत्र लोखंडाने फसले. ड्रोनला वाटले तोंड पूर्वेला आहे, होते भलतीकडेच. जागेवरून जरा सरकला की तो परत यायला जोर लावी, पण चुकलेल्या दिशेने. म्हणून आणखी बाजूला जाई आणि पुन्हा जोर लावी. असा फेरा धरला. हिशेब चोख, साक्ष खोटी. ताईंनी तो मोकळ्या वावरात नेला आणि होकायंत्र नव्याने जुळवून घेतले. त्यासाठी ड्रोन हातात धरून सावकाश फिरवावा लागतो. मग तो सरळ उभा राहिला.

तुमच्या शेतावर ड्रोन येईल तेव्हा चालवणाऱ्याला एवढे विचारायला लाजू नका. लोखंड, डीपी आणि विजेच्या तारा यांपासून दूर उडवतोस ना? पंख्यांच्या पात्यांवरून बोट फिरवलेस का? पाते चिरले की थरथर वाढते, आणि थरथर वाढली की खाली कुठे आहे हे सांगणारी चकती गोंधळते. बॅटरी पुरी भरली आहे का? बॅटरी दमली की हिशेब कळूनही पंख्याला जोर राहत नाही, त्या झडपेच्या अग्निबाणासारखे. आधी साध्या पाण्याने एक फेरा मारून दाखव म्हणा. परवाना बघा. आणि लेकरांना बांधापासून लांब ठेवा. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा बंद पडला की तो पडतोच. सहा असतील तर सावरून उतरण्याची निदान आशा असते.

बाबांना हे सारे सांगायला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या गावी गेलो. ते बांधावरच भेटले. काठी, तिफण, गव्हर्नर, सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "म्हंजी ते उभं ऱ्हातं म्हणून पडत न्हाई असं न्हाई. पडता पडता सावरतंय."

"होय बाबा."

त्या दिवशी ताई खरे औषध फवारणार होत्या. टाकी भरली होती, बॅटरी लावली होती. त्यांनी मूठभर बारीक माती उचलून हातातून सोडली. माती उडाली ती शेजारच्या तुतीकडे. त्यांनी टाकीचे झाकण लावले, बॅटरी काढून ठेवली आणि शेतमालकाला म्हणाल्या, "काका, आज नाही. उद्या सकाळी वारा पडल्यावर येते."

काका जरा कुरकुरले. बाबा मात्र माझ्याकडे बघून हसले.